आधी वाडीचं नाव नीट लिही

‘मावशी, मी 26 वर्षांची. राजारामपुरीत राहते, एमपीएससीचा अभ्यास करते. माझ्या अभ्यासिकेच्या वाटेवर एका सरकारी कचेरीच्या दारात गेले 11 दिवस पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका धनगरवाड्यावरची माणसं ठिय्या मांडून बसलीत. त्यांचे वनहक्काचे दावे एकगठ्ठा फेटाळलेत आणि म्हशी चरायला न्यायची जुनी वाट बंद केलीय, असं ती सांगतात. मला राहवलं नाही. पाण्याच्या बाटल्यांचे दोन बॉक्स नेऊन दिले आणि “आदिवासींना न्याय द्या” म्हणून एक रील टाकलं. ते खूप फिरलं. दुसऱ्या दिवशी गेले तर एक आजी म्हणाल्या, “पोरी, वाडीचं नाव तरी नीट लिव्हायचंस. त्यो पल्याडचा वाडा. त्यांचं आमचं भांडान न्हाई, पर कागद येगळं हाईत.” रीलखाली कुणीतरी लिहिलं होतं, “हे आदिवासी नाहीतच, सगळं खोटं.” तेव्हापासून मी तिथून पलीकडच्या फुटपाथनं जाते.

घरी बाबा म्हणतात, जंगल वाचवायचं तर माणसं हलवावीच लागणार. त्यात काकांनी त्याच भागात 20 गुंठे घेतलेत, तिथं त्यांना रिसॉर्ट काढायचंय. आणि खरं सांगते, गुन्हा नोंद झाला तर परीक्षा पास होऊनही मी अडकेन याची भीती वाटते. मदत तर मनापासून करायचीय. कशी करू? (नाव छापू नका.)’

बाळ,

उद्या सकाळी अलीकडच्याच फुटपाथनं जा. आजींसमोर बस आणि सांग, “आजी, माझं चुकलं. नाव सांगा, मी लिहून घेते.” वहीत लिहून झालं की वाचून दाखव. एवढं झाल्याशिवाय पुढचं काही करू नकोस.

आजींचं ते बोलणं तुला लागलं, हे कळतं मला. पण त्या रुसून बोललेल्या नाहीत. आपल्याकडच्या डोंगरात एकेका गावाच्या हद्दीत तीन-तीन, चार-चार वाडे असतात. माणसं वाड्याला एक नाव घेतात, मतदारयादीत दुसरं असतं, आणि सातबाऱ्यावर तर खालच्या मूळ गावाचंच नाव असतं. दाव्याच्या फायलीत एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरं आलं, की टेबलामागच्या माणसाला शेरा मारायला तेवढं पुरतं. ज्या बाईनं नावाच्या घोळापायी हेलपाटे घातलेत, तिला तुझ्या रीलमधली चूक आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी मोठी दिसणार.

मग दुसरी गोष्ट विचार. दावा फेटाळल्याचा कागद हातात कधी पडला? तारीख विचार आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही. असे दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीचा निकाल मान्य नसेल तर 60 दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडं दाद मागता येते. ठिय्यात 11 दिवस गेलेत, त्याआधी किती गेले कुणास ठाऊक. घोषणा चालू असतात, भाषणं चालू असतात आणि तिकडं मुदत संपून जाते, असं होतं. त्यांच्यातल्या जाणत्यांना हे ठाऊक असेलही. तसं असेल तर बरंच. पण कागदच मिळाला नसेल, नुसतं तोंडी “तुमचं नामंजूर झालं” असं सांगितलं असेल, तर तोच तक्रारीचा पहिला मुद्दा होतो. 2012 साली वनहक्क कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. ग्रामसभेनं शिफारस केलेला आणि दोन प्रकारचे पुरावे जोडलेला दावा लेखी कारण दिल्याशिवाय फेटाळता येत नाही, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही म्हणून दावा उडवला असेल तर तेही चालत नाही. तो फोटो इतर पुराव्यांच्या जोडीला घ्यायचा असतो, त्यांच्या जागी नाही.

तू एमपीएससी करतेस. कलम, नियम, परिशिष्ट वाचायची तुला सवय आहे. दोन बॉक्स पाण्यापेक्षा ही सवय त्या मंडपात जास्त कामाची आहे.

आता ‘आदिवासी’ या शब्दाबद्दल. तू तो चांगल्या मनानं वापरलास. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरात म्हशी राखून, लोणी-तूप खाली बाजाराला आणून जगत आलीत, मूळची तिथलीच आहेत, या अर्थानं तुला तो सुचला असणार. पण सह्याद्रीतले गवळी धनगर सरकारी यादीत अनुसूचित जमातीत येत नाहीत, महाराष्ट्रात ते भटक्या जमातींत मोडतात. तो वाद मोठा आहे, आज आपण त्यात शिरायचं नाही. तुझ्या कामापुरतं एवढं लक्षात घे, की 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नावातच दोन प्रकारची माणसं आहेत: अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी. आजींचा वाडा दुसऱ्या प्रकारात येतो. हक्क दोघांनाही आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत, दोघांनाही मागता येते. चराईचा, पाण्याचा, गौण वनोपजाचा (म्हणजे लाकूड सोडून जंगलातल्या इतर मालाचा) सामूहिक हक्कही मागता येतो. फरक पुराव्यात आहे. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, आपण त्या जंगलात राहत होतो आणि त्यावर जगत होतो हे दाखवावं लागतं. नेमकी ती जमीनच 75 वर्षं कसली पाहिजे असं नव्हे; वस्ती आणि आधार तीन पिढ्यांचा हवा. हा फरक खालच्या पातळीवर कितीदा उलटा वाचला जातो म्हणून सांगू!

म्हणजे तुझ्या रीलमधल्या एका शब्दानं विरोधकाच्या हाती आयतं कोलीत दिलं. रील काढून टाक किंवा दुरुस्त कर. ‘चुकून आदिवासी लिहिलं होतं, हे गवळी धनगर आहेत, कायद्यानं इतर पारंपरिक वननिवासी आहेत, वाडीचं नाव हे’ असं सरळ लिही. त्या “खोटं” म्हणणाऱ्याशी भांडत बसू नकोस.

पुढचं जरा सावकाश वाच. 2005 मधून 75 वजा कर. 1930 येतं. 1930 साली कोल्हापुरात इंग्रजांचा कलेक्टर नव्हता, संस्थान होतं. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते 1 मार्च 1949 ला. म्हणजे आजींच्या वाड्याला जो पुरावा लागतो, त्याची निम्मी वर्षं नाही तरी चांगली 18-19 वर्षं संस्थानी अमलातली आहेत, आणि तिथले जुने कागद बहुतेक मोडीत. गंमत म्हणजे कायद्याच्या नियमांनी याचा विचार केलेला आहे. पुराव्यांच्या यादीत पूर्वीच्या संस्थानांचे नकाशे, हक्कांच्या, सवलतींच्या नोंदी चालतात असं लिहिलंय. जुन्या कागदात सापडलेल्या माणसापासून आजच्या दावेदारापर्यंत वंशावळ जोडली तर तीही चालते.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दप्तरं आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, पाहणीपत्रकं असतात. चराईच्या फीची एखादी नोंद, दाजीपूरच्या बाजूला दरबारी शिकारीला हाकारे म्हणून नेलेल्या माणसांची एखादी यादी, असं काही निघतं का ते बघायला कुणीतरी दिवसच्या दिवस बसायला हवं. म्हशी सोडून वाड्यावरचा माणूस दररोज कोल्हापूरला येऊन धूळ खात बसू शकत नाही. तू बसू शकतेस. सगळ्याच दप्तरांत काही निघेल असं नाही. पण मी एका वाड्याच्या बाबतीत एक पानभर नोंद निघालेली पाहिलीय. त्या पानावर एका म्हाताऱ्याच्या आज्याचं नाव होतं, नावापुढं म्हशींचा आकडा होता. वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “त्येच्याकडं येवढ्या म्हशी हुत्या व्हय?”

कागद निघाला नाही तरी वाट बंद होत नाही. म्हाताऱ्या माणसांचे जबाब हा कायद्यानं मान्य केलेला पुरावा आहे. फक्त जबाब दावेदाराचा स्वतःचा नको, दुसऱ्या वडीलधाऱ्याचा हवा, आणि लेखी हवा. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका वाड्यावर दोन दिवस या कामाला होते. पहिल्या दिवशी माझं सगळं चुकलं. मी विचारायची, “तुम्ही इथं कोणत्या सालापासून राहता?” समोरची आजी माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, “जल्मापासनं.” बरोबरच होतं तिचं. सालं मला हवी होती, तिचं आयुष्य सालांनी मोजलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याच सुनेनं मला शिकवलं. ती म्हणाली, “भूकंपाचं इचारा.” कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967. मी विचारलं आणि आजी घडाघडा बोलायला लागली. पहाटे जमीन हलली तेव्हा ती कुठल्या झोपडीत होती, कुणाचा कूड पडला, कुठली म्हैस दावं तोडून पळाली, पोटात कितवं पोर होतं. मग 72 चा दुष्काळ, तेव्हा पाणी कुठल्या झऱ्यावरनं आणलं. मग मागं जात जात सासूच्या तोंडून ऐकलेल्या महाराजांच्या शिकारीपर्यंत. आणि म्हशी! तिला म्हशींची पिढी न्‌ पिढी पाठ होती: ही मोरीची लेक, ती मोरीच्या भनीची नात, मोरीला सासऱ्यानं अमक्या बाजारातनं आणलेली. मी एका बाजूला माणसांची वंशावळ आणि दुसऱ्या बाजूला म्हशींची लिहीत गेले, आणि दोन्हींवरून एक तारीख पक्की झाली.

संध्याकाळी ती आम्हाला वर सड्याकडं घेऊन गेली. करवंदीच्या जाळीत हात घालून तिनं पालापाचोळा बाजूला केला. खाली दगडी जोतं होतं. चार बोटं शेवाळ चढलेलं, पण कोपरा अजून काटकोनात. जात्याची खालची तळी तिथंच पडलेली, मधल्या भोकातून एक रोपटं उगवलेलं. “आमचं पयलं घर,” ती म्हणाली. थोडं पुढं झाडाखाली शेंदूर लावलेले देवाचे दगड होते, त्याच्याही पलीकडं माती दिलेल्यांच्या जागा. विहीर, देवस्थान, दफनाची जागा, असल्या खुणा वस्तीच्या जुनेपणाचा पुरावा म्हणून नियमांत लिहिलेल्या आहेत. पण कचेरीत बसून त्या कुणाला दिसायच्या? स्थळपाहणीला आलेला माणूस पायवाटेच्या टोकाला जीप थांबवतो आणि करवंदीत हात कुणी घालत नाही. म्हणून वनहक्क समितीच्या माणसांबरोबर जाऊन असल्या प्रत्येक खुणेचा फोटो, मोबाईलवर दिसणारे अक्षांश-रेखांश आणि तिच्याबद्दल सांगणाऱ्याचं नाव, असं एकत्र ठेवावं लागतं. कॅमेरा तुझ्याकडं आहेच, आता तो तिकडं वळव.

जबाब लिहिताना त्यांच्याच शब्दांत लिही. “सदर इसम पिढीजात वास्तव्यास आहे” असलं काही त्यांच्या तोंडी घालू नकोस. आजी “मोरी दावं तोडून पळाली” म्हणाली तर तसंच लिही. सगळे जबाब एकाच छापाचे दिसले की ते पढवलेले वाटतात, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते पढवलेलेच असतात. लिहून झाल्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखव. “न्हाई, त्यो धाकटा दीर हुता” असं कुणीतरी मधूनच म्हणेल. थांब आणि दुरुस्त कर.

आणि हे सगळं तू होऊन सुरू करायचं नाहीस. त्यांची वनहक्क समिती असेल, ग्रामसभेनं निवडलेली. तिच्यातल्या माणसांना विचार, “मला लिहिता येतं, कागद शोधता येतात, संगणक येतो. तुम्हाला यातलं काय हवंय?” ती म्हणतील ते कर. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, ते तू अभ्यासात वाचलं असशील. त्या गावाची एक रीत मला फार पटते. बाहेरची शिकलेली माणसं गावाच्या अभ्यास गटात बसतात, माहिती देतात, चर्चा करतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या संमतीनं. तुझी जागा अभ्यास गटातली. माईक हातात आला तरी तो आजींना दे. पत्रकारांनी तुला गाठलं तर, कारण नीट मराठी बोलणारी शहरातली मुलगी त्यांना सोयीची असते, तर समितीच्या माणसाकडं बोट दाखव. त्यांच्यात आपसात मतभेद असतील: कुणाला जमीन हवी असेल, कुणाला आधी वाट मोकळी हवी असेल, एखाद्या तरुणाला खाली येऊन राहायचंही असेल. तू कुणा एकाची बाजू उचलून पोस्ट टाकू नकोस. आणि ठिय्यातल्या कुठल्याही पोराचा, झोपलेल्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय नको.

मंडपातल्या रोजच्या गरजांबद्दल थोडक्यात सांगते. आपलं कोल्हापूर मदतीला कधी मागं नसतं. 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीतल्या शाळेत पूरग्रस्त होते. तालमीच्या पोरांनी रात्ररात्र भाकऱ्या गोळा केल्या. पण तिसऱ्या दिवशी वर्गात बिस्किटांचे पुडे छतापर्यंत आणि एका बाईला बदलायला कोरडं लुगडं नाही, असं झालं. कुणी विचारलंच नव्हतं. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला सुमारे 180 किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांत बहुतेक आदिवासी होते, आणि वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मोठी मागणी होती. मुंबईच्या लोकांनी त्यांना पाण्याबरोबर चपला आणून दिल्या. पायांकडं बघितलं म्हणून चपला सुचल्या. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा ते लोक रात्रीतून चालले, तेही आठव. इथं ठिय्यातल्या बायका रात्री कुठं जातात, ते एखाद्या बाईला बाजूला घेऊन विचार. जवळच्या एखाद्या मंडळाचं, शाळेचं स्वच्छतागृह रात्री उघडं राहील अशी सोय झाली तर ती सगळ्यात मोठी मदत ठरेल. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या संपल्यात का, झेरॉक्सचा खर्च कोण करतंय, हेही विचार. पैसे द्यायचे तर समितीकडं दे आणि नोंद करायला सांग. आणि मागं वाड्यावर म्हशींची धार कोण काढतंय, हेही एकदा विचारून बघ. ठिय्या कितव्या दिवशी मोडतो ते बऱ्याचदा त्याच्यावर ठरतं.

तुझी भीती मी खोटी म्हणणार नाही. शांततेनं, विनाशस्त्र जमायचा हक्क घटनेनं दिलाय. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात, आणि तेवढ्यावरही गुन्हा नोंद होऊ शकतो. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात अशी माहिती द्यावी लागते. नोंद झालीच तर ती लपवायची नाही, लपवलेलं जास्त अंगाशी येतं. पण बाळ, त्या ठिय्यात तू पुढच्या रांगेत बसलीच पाहिजेस असं कुणी म्हटलंय? पुराभिलेखागारात बसल्यानं गुन्हा होत नाही. माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाकून उपविभागीय समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि स्थळपाहणीचा अहवाल मागितल्यानं गुन्हा होत नाही. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. रास्ता रोको ठरला तर त्या दिवशी समितीला सांगून टाक, “मी आज येणार नाही, माझी ही अडचण आहे.” त्यांना समजेल. त्यांच्याही घरात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आहेत.

बाबांशी वाद घालू नकोस, त्यांना काही गोष्टी सांग. त्यांना जंगलाची काळजी आहे, ती मलाही आहे. राधानगरीचं अभयारण्य 1958 पासूनचं, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. तिथल्या गव्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण ते जंगल 1958 साली रिकामं नव्हतं. म्हशी चरायच्या, गवेही चरायचे, आणि तरी ते राखण्याजोगं जंगल उरलं होतं. वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला वन्यजीव आणि जंगल राखायची जबाबदारीही दिलीय, नुसतं घ्यायचं नाही. अभयारण्यातून माणसं हलवायचीच झाली तर आधी त्यांचे हक्क मान्य करायचे, मग ग्रामसभेची मोकळ्या मनानं दिलेली लेखी संमती घ्यायची, असा क्रम कायद्यात आहे. आणि दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून उठवता येत नाही, हे कलम 4 मध्ये लिहिलंय. चांदोलीच्या जंगलातून हलवलेल्या लोकांची पुनर्वसनासाठीची आंदोलनं बाबांनी याच कोल्हापुरात पाहिली असतील. “हलवा” म्हणणं किती सोपं आणि पुढचं किती लांबतं, ते त्यांना मी सांगायला नको. जमलं तर एक दिवस त्यांना ठिय्यावर घेऊन जा. बोलायला लावू नकोस, नुसतं आजींच्या शेजारी बसू दे. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची पोलिसातली हजेरी बंद केली, फासेपारध्यांना कामं दिली, हे आपण दर 26 जूनला भाषणातून ऐकतो. बाबांनीही ऐकलं असेल.

काकांचं मात्र वेगळं आहे आणि तिथं तुला धीर धरावा लागेल. पत्रात हा मुद्दा तू एका वाक्यात उरकलास, पण रील टाकण्यापेक्षा अवघड गोष्ट तीच आहे, हे तुलाही ठाऊक असणार. आधी 20 गुंठ्यांचा सातबारा आणि गावनकाशा बघ. ‘इतर हक्क’ या रकान्यात काही नोंद आहे का? वाड्याकडं जाणारी पायवाट, म्हशींची वाट त्या जागेतून किंवा कडेनं जाते का? आजींनी सांगितलेली बंद झालेली वाट तीच तर नाही ना? तसं निघालं तर ठिय्यावर जायच्या आधी काकांकडं जा. सगळ्यांसमोर नको, जेवणाच्या ताटावर नको. ते एकटे असताना म्हण, “काका, कुंपण घालायच्या आधी वाट सोडा. दहा फूट तुम्हाला जड नाही.” हेही सांग, की वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडं दावा होऊ शकतो आणि रिसॉर्टचं काम त्यात लटकेल. काकांना हिशेब कळतो, त्यांच्याशी हिशेबाचं बोल. ऐकलं नाही तर? तर समितीला स्वतःच्या तोंडानं सांग, की ती जागा माझ्या काकांची आहे. त्यांना ते दुसरीकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळलेलं बरं. कदाचित त्या दिवशी तुला कुणी चहा विचारणार नाही. तरी दुसऱ्या दिवशी वही घेऊन जा.

जाताना आखीव वही ने, सुटे कागद हरवतात. दोन पेनं, आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड ने. नवा घे, वाळलेल्या पॅडवर म्हाताऱ्या बोटांचे ठसे उठत नाहीत. बरोबर ओलं फडकं असू दे, नाहीतर आजींना शाईच्या अंगठ्यानंच भाकरी मोडावी लागेल.

आणि पुराभिलेखागारात मोडीतलं एखादं पान निघालं, की मला या पत्त्यावर कळव. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर मोडी घडाघडा वाचतात, पैसे घेत नाहीत, फक्त दुपारी झोपतात. पण त्यांच्याकडं जायच्या आधी वाड्यावर फोन कर. त्या पानावर कुणाच्या तरी आज्याचं नाव असायचं, ते त्यांना पहिल्यांदा कळू दे.

तुझी,
मावशी